घरात दुखणं असताना हसावं का?

आजच्या भाषणाचा विषय मी प्रश्नाच्या रूपानंच आपल्यापुढं ठेवतो. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, डोक्यावर कर्ज आहे, कर्ता मुलगा बेकार बसला आहे. आणि अशा घरात रात्री दूरदर्शनवरचा एखादा विनोदी कार्यक्रम लावून माणसं हसत आहेत. हे बरं की वाईट?

आपल्याकडे पुष्कळांना ते बरं वाटत नाही. "घरात दुखणेकरी, अन् यांना दात काढायला सुचतंय!" असं शेजारीपाजारी म्हणतात. घरातली वडीलधारी माणसंही म्हणतात. जे हसतात त्यांनाही हसून झाल्यावर काही चोरी केल्यासारखं वाटतं. हे चोरटेपण मी स्वतः अनुभवलेलं आहे, म्हणून या विषयावर बोलायला बसलो. मी डॉक्टर नाही, नाटकवालाही नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत मुलं शिकवली. तेव्हा आधी आमच्या घरची हकीकत सांगतो, मग चार विचार सांगेन.

गोष्ट १९८४ सालची. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. वडील, म्हणजे आमचे तात्या, शाळामास्तर. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची चूल त्या गिरण्यांवर पेटत होती, हे वयस्क श्रोत्यांना सांगायला नको. संप लांबत गेला आणि दादा वळकटी घेऊन गावी परत आला. शेत ते केवढं, दीड एकर. दोन वर्षांत तो जवळजवळ मुकाच झाला. सकाळी रानात जायचा, रात्री जेवून भिंतीकडं तोंड करून झोपायचा. मी सायकलनं तालुक्याला जाऊन डी.एड. करत होतो.

त्यातच दिवाळीनंतर तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि मास्तर माणसाची वाचा गेली. मिरजेला नेलं, पंधरा-वीस दिवसांनी परत आणलं. "आता सेवा आणि धीर," एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. सेवा करायला आई होती. धीर कुठून आणायचा, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

श्रोतेहो, दुखण्याच्या घराचं एक लक्षण आहे. तिथं दिवस एकसारखे होतात. सोमवार काय आणि गुरुवार काय, औषधाची वेळ, कूस बदलण्याची वेळ, वसुलीला येणाऱ्याची वेळ. पुढं येणारी जी तारीख असते ती धास्तीचीच असते. ज्याची वाट पाहावी असं काही उरत नाही. घरातली माणसं एकमेकांशी बोलतात ती फक्त "पाणी हवं का" आणि "गोळी दिली का" एवढंच.

त्याच वर्षी देशभर दूरदर्शनची लहान-लहान प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली होती. आमच्या भागातही चित्र दिसू लागलं. शेजारच्या किराणा दुकानदारानं काळा-पांढरा संच आणला. तात्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस तो. एका शुक्रवारी आईला म्हणाला, "काकी, मास्तरांची बाज ओसरीवर काढा. मी टीव्ही खिडकीत ठेवतो, तोंड तुमच्याकडं करून. मधे बोळ तर आहे, दिसेल मास्तरांना."

बाज ओसरीवर आली. तात्यांना वाकळ पांघरून, पाठीला उशी लावून बसवलं. आणि चित्रात नुसत्या मुंग्या! दुकानदार म्हणाला, अँटेना फिरवायला हवी. दादा काही न बोलता कौलांवर चढला. वरून ओरडला, "दिसतंय का?" खालून आम्ही, "नाही, अजून थोडं!" "आता?" "गेलं, गेलं! मागं घे!" दादाचा मोठा आवाज आम्ही कित्येक महिन्यांनी ऐकत होतो. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं पाहिलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच त्या संचानं एवढं काम केलं होतं.

कार्यक्रम होता 'ये जो है जिंदगी'. आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. दर शुक्रवारी रात्री लागायचा. प्रसिद्ध हिंदी विनोदी लेखक शरद जोशी यांनी तो लिहिला होता. एक नवरा, एक बायको आणि बायकोचा बिनकामाचा धाकटा भाऊ, एवढंच घर. शफी इनामदार हे नवऱ्याचं काम करायचे, ते मूळचे आपल्या दापोलीकडचे. बायको स्वरूप संपत, तिचा भाऊ राकेश बेदी. आणि चौथे सतीश शाह. या सतीश शाहांची गंमत अशी की ते जवळजवळ दर भागात निराळं सोंग घेऊन यायचे. कधी याचा साहेब, कधी त्याचा पाहुणा. बोलणं निराळं, चाल निराळी, मिशा निराळ्या. अशी पन्नासावर सोंगं त्यांनी त्या एका मालिकेत वठवली.

आमच्या आत्याला हिंदी ओ की ठो कळत नव्हतं. पण बहुरूपी ओळखायला भाषा कशाला लागते? आपल्याकडं सुगीत बहुरूपी यायचा. आज पोलीस, उद्या गोसावी, परवा आणखी कोणी. पोरं त्याच्यामागं गावभर धावायची. तोच हा बहुरूपी, आता खिडकीतून येत होता.

पहिल्या शुक्रवारी आम्ही हसलो नाही. हसू आलं ते ओठात दाबलं. दुसऱ्या शुक्रवारी मात्र असा प्रसंग आला की मला आवरेना, दादालाही आवरेना. आत्या कडाडली, "घरात बाप असा पडलाय अन् तुम्ही खिदळताय? लाज नाही का रे?" आम्ही गप्प झालो. आणि तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. तात्या हसत होते. अर्धा चेहरा हलत नव्हता, हसू ते उरलेल्या अर्ध्यावरच उमटत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई दाराआड उभी होती. ती बाहेर आली, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, राहू द्या. महिन्याभरात आज पहिल्यांदा माणसावाणी दिसले."

त्यानंतर शुक्रवार हा आमच्या घरचा वार झाला. त्या दिवशी स्वयंपाक लवकर व्हायचा. दादा रानातून वेळेवर यायचा. तात्यांची बोबडी वळायची, एकेक अक्षर त्यांना पुन्हा शिकावं लागत होतं. एका शुक्रवारी सकाळी मी त्यांना चहा पाजत होतो. ते माझ्याकडं पाहून सावकाश म्हणाले, "आज... कोण?" आज तो माणूस कुणाचं सोंग घेऊन येणार, असं त्यांना विचारायचं होतं. झटका आल्यापासूनचे स्वच्छ उमटलेले त्यांचे हे पहिले दोन शब्द. मला वाटलं, ज्याला 'आज कोण' हे जाणून घ्यायचं आहे, तो माणूस अजून खचलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, मग तात्या बरे झाले का? नाही झाले. १९८५ च्या उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि ते गेले. विनोदानं त्यांचा आजार बरा केला नाही, आणि तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण ते सहा महिने आम्ही एकमेकांसोबत काढले. विनोद नसता, तर तेच सहा महिने आम्ही एका छपराखाली एकेकट्यानं काढले असते. एवढाच फरक. पण ज्यानं घरात दुखणं काढलं आहे त्याला हा फरक केवढा मोठा आहे, ते कळेल.

सुतक फिटल्यावरच्या शुक्रवारी दुकानदारानं खिडकी बंदच ठेवली होती. आम्ही ओसरीवर अंधारात बसलो होतो. तेव्हा आत्याच मला म्हणाली, "जा रे, त्याला म्हणावं लाव. त्याला आवडायचं." संच लागला. आम्ही हसलोही, रडलोही. दोन्ही एकदम करता येतं, हे मला त्या रात्री समजलं.

ही आमच्या घरची गोष्ट झाली. पण हसण्यानं असं होतं तरी काय, याचा शोध शहाण्या माणसांनीही घेतला आहे.

अमेरिकेत नॉर्मन कझिन्स नावाचे एक संपादक होते. १९६४ साली त्यांना सांध्यांचा आणि मणक्यांचा भयंकर आजार झाला. वेदनांमुळं झोप येईना. तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या संमतीनं खोलीत पडद्यावर विनोदी चित्रं लावून घेतली. त्यांत 'कॅंडिड कॅमेरा' या दूरदर्शनवरच्या गमतीच्या कार्यक्रमाचे भाग होते आणि मार्क्स बंधूंचे बोलपटही होते. पोट धरून दहा मिनिटं हसलो की दोन तास वेदनेवाचून झोप लागे, असं त्यांनी पुढं लिहिलं. १९७६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा हा अनुभव छापून आला. आता हा एकाच रोग्याचा अनुभव, आणि ते इतर उपचारही घेतच होते. म्हणून त्यावरून मोठा सिद्धांत काढू नये. पण पुढं इंग्लंडात ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर प्रयोग केले. लोकांना विनोदी चित्रफिती दाखवायच्या, आणि त्याच्या आधी व नंतर दंडाला गोठवलेलं थंडगार वेष्टण लावून किंवा रक्तदाबाची पट्टी आवळून ते किती वेळ सोसतात ते मोजायचं. चारचौघांत खळखळून हसलेली माणसं नंतर जास्त वेळ दुखणं सोसू शकत होती. नुसती माहितीची चित्रफीत पाहिलेल्यांत हा फरक दिसला नाही. २०१२ सालच्या सुमारास हे प्रयोग प्रसिद्ध झाले.

यातला 'चारचौघांत' हा शब्द ध्यानात ठेवा. अमेरिकेतलेच दुसरे एक अभ्यासक, रॉबर्ट प्रोव्हाइन, यांनी पाहिलं की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या सोबतीत हसतो. विनोदी मालिकांत मधूनमधून प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाज घालतात, तो याचसाठी. अमेरिकेत १९५० पासून ही युक्ती वापरतात. एकट्या बसलेल्या माणसाला वाटावं की आपल्यासोबत आणखी कोणी हसतं आहे. पण उसन्या हसण्यापेक्षा शेजारी बसलेल्या आपल्या माणसाचं हसू केव्हाही मोलाचं.

आणि खरं पाहता आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं. दुष्काळाच्या सालीही गावात वगनाट्य व्हायचं आणि सोंगाड्या राजालाही चिमटे काढायचा. एकनाथ महाराजांनी भारुडं लिहिली, ती लोकांना हसवत हसवत परमार्थाकडं नेणारी. कीर्तनकार डोळ्यांत पाणी आणायच्या आधी एकदा तरी हसवून घेतो. पुढं हेच काम आपल्या आकाशवाणीनं केलं. 'पुन्हा प्रपंच' मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. मग मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानं. अलीकडं 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' घराघरांत पोचली. माणसं बदलली, साधन बदललं, गरज तीच आहे.

तेव्हा मघाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की घरात दुखणं असताना जरूर हसावं. मात्र काही पथ्यं पाळावीत.

पहिलं पथ्य हे की दुखणेकऱ्याला सोडून हसू नये. त्याला विचारावं, "लावू का?" तो नको म्हणाला तर बंद करावं. त्याची बाज जवळ ओढून घ्यावी. दुसऱ्या खोलीतून ऐकू येणारं हसू आजारी माणसाला टोचतं. जवळचं हसू टोचत नाही.

दुसरं पथ्य, कशावर हसायचं ते निवडावं. एकदा आमच्या ओसरीवर दुसराच कुठलासा कार्यक्रम लागला होता. त्यात बोबडं बोलणाऱ्या माणसाची नक्कल होती. लोक हसत होते. तात्यांनी मान भिंतीकडं वळवली, ती रात्रभर तशीच. त्या दिवसापासून आमच्या घरात व्यंगावर कोणी हसलं नाही. बायकोला मूर्ख ठरवणारा, काळ्या रंगाला हिणवणारा, लंगड्या-तोतऱ्याची टर उडवणारा विनोद दुखण्याच्या घरात विषासारखा आहे. ज्यात माणूस स्वतःच्या फजितीवर हसतो तो विनोद पोटभर घ्यावा.

तिसरं पथ्य, वेळ ठरवावी. आमचा शुक्रवार अर्ध्या तासाचा होता, म्हणून त्याची गोडी टिकली. आता दूरदर्शन संच चोवीस तास चालतो आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. एक मुलगा कानात बोंडं घालून एका कोपऱ्यात हसतो, दुसरा दुसऱ्या कोपऱ्यात. आई स्वयंपाकघरात एकटी. अशानं करमणूक होते, सोबत होत नाही. आठवड्यातून एक रात्र तरी सगळ्यांनी मिळून एकच काहीतरी पाहावं. आणि ज्या बाईच्या अंगावर सेवेचा भार आहे तिला आधी बसवावं. भांडी थोडी थांबतात.

चौथं पथ्य, हसण्यावर सगळा भार टाकू नये. कर्ज फेडायचं ते फेडावंच लागतं, औषध घ्यायचं ते घ्यावंच लागतं. आणि एखाद्याला कशाचंच हसू येईनासं झालं, जेवण-झोप सुटली, जगण्यात अर्थ नाही असं तो बोलू लागला, तर त्याला विनोद ऐकवत बसू नका. त्याला डॉक्टरांकडं न्या. केंद्र सरकारनं २०२२ साली 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मनाच्या दुखण्याबद्दल बोलता येतं. हा क्रमांक लिहून ठेवा.

आता शेवटी शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. वर्गात एखादं मूल असतं, ज्याच्या घरी दुःख आहे हे आपल्याला ठाऊक असतं. आणि तेच मूल सकाळी येऊन रात्री पाहिलेल्या विनोदाची नक्कल करून दाखवतं. आपल्या मनात येतं, बाप दवाखान्यात आणि याला काय हे सुचतंय? त्याला रागावू नका. तो विनोद म्हणजे त्यानं घरून आणलेली शिदोरी आहे. शनिवारी शेवटच्या तासाला त्याला वर्गापुढं उभं करा आणि करू द्या नक्कल. एवढ्यानं ते मूल 'बिचारं' राहत नाही, ते वर्गाला काहीतरी देणारं होतं. मी हे तीस-पस्तीस वर्षं केलं आणि मला कधी पस्तावा झाला नाही. योगायोग पाहा, 'ये जो है जिंदगी' मधल्या स्वरूप संपत यांनीही पुढं शिक्षणाचंच काम घेतलं. शिकण्यात अडचणी येणाऱ्या मुलांना नाट्याच्या मदतीनं कसं शिकवावं, यावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि २०१९ साली जागतिक शिक्षक पुरस्काराच्या अंतिम दहा जणांत त्यांचं नाव होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शाह गेले. बातमी लागली तेव्हा गावाहून दादाचा फोन आला. दादा आता सत्तरीच्या पुढं आहे. मला म्हणाला, "आपल्या ओसरीवरचा माणूस गेला रे." मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. नंतर त्यानं मला त्या अँटेनाची आठवण करून दिली, आणि आम्ही फोनवरच पुष्कळ वेळ हसलो.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी आज असं दुखणं असेल, तर आज रात्री त्या माणसाची बाज जरा जवळ ओढा, आणि त्याला काय पाहावंसं वाटतं ते विचारा.